बुधवारचा फोन

नाना बांधावर थांबले आणि काठीच्या टोकाने त्यांनी बुंध्यावरचा पाचोळा बाजूला सारला. एरवी ते खाली बसले असते, हाताने साफ केलं असतं. पण छातीचं हाड अजून पुरतं सांधलं नव्हतं, वाकायला मनाई होती.

बुंधा हातभर रुंद होता. कापून दीड महिना होत आला तरी मधला गाभा तांबूस दिसत होता. कडेने डिंक सुकून काळा पडला होता. नानांनी तो डिंक काठीने टोकरून पाहिला आणि मग मान वर केली, जिथे फांद्या असायला हव्या होत्या तिथे.

"कोनी तोडी टाकी?"

त्यांची मुलगी कोकिळा मागे उभी होती. तिच्या काखेत छोटी उशी होती. खोकला आला की नानांनी ती दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरायची, असं दवाखान्यातून निघताना शिकवलं होतं. घरी आल्यापासून आठ दिवस ती त्यांना रोज सकाळी शाळेच्या बाजूला फिरवून आणत होती. शेताकडे चढ आहे, वाटेत कुत्री असतात, ऊन लवकर लागतं, अशी कारणं तिने एकेक करून वापरली होती. आज वेशीपाशी आल्यावर नाना काही न बोलता डावीकडे वळले आणि सावकाश चालत इथवर आले.

पलीकडच्या वावरातून प्रेमराज लगबगीने आला. नानांच्या धाकट्या भावाचा हा मुलगा. बांधाच्या अलीकडे नाना, पलीकडे प्रेमराज. बाभळीचा बुंधा मधोमध.

"नाना, इतलं चालाले सांगेल शे का डॉक्टरनी?"

"ते जाऊ दे. हाई कोनी तोडी?"

प्रेमराजने डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "वायरमननी. भाईदासनी. फांद्या तारले लागेत, म्हने."

"फांद्या लागेत त फांद्या तोडतस. बुडखापासून तोडतस का?"

"मी गावमा नव्हतू, नाना."

हे बोलताना त्याने कोकिळाकडे पाहिलं नाही. तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्या डोक्यात एवढंच आलं की खोटं बोलायला प्रेमराजला रुमाल सोडून बांधण्याइतकाच वेळ लागला आणि त्याने ते तिच्यासाठी केलं.

नाना थोडा वेळ उभे राहिले. ही बाभूळ त्यांच्या वडिलांच्याही आधीची. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मोजणीवाल्याने तिच्यावर चुन्याचा पट्टा ओढला होता आणि नंतर कितीही भांडणं झाली तरी तिच्यावर कुणी कुऱ्हाड घातली नव्हती. पारोळ्याचा सुतार ती विकत मागायला चार वेळा येऊन गेला होता. नाना त्याला चहा पाजून परत पाठवत.

"चाल घर," नाना म्हणाले. "अर्ज लिखना शे."

*

नानांना अर्जाची सवय होती. ट्रान्सफॉर्मर जळाला, पाटाचं पाणी आलं नाही, एसटी थांब्यावर थांबली नाही की नाना अर्ज करत. बोलताना अहिराणीशिवाय शब्द नसे, पण अर्ज मात्र 'महोदय, वरील विषयास अनुसरून' असाच सुरू व्हायचा. कोकिळा चौथीत गेल्यापासून सगळे अर्ज तिच्या हातचे. तिचं अक्षर पाहून साहेब दोनदा वाचतात, असं नाना चारचौघांत सांगत. पुढे ती धुळ्याला शिकली, तिथल्याच कॉलेजात ग्रंथपाल झाली, पन्नाशीला टेकली. तरी सुट्टीत घरी आली की एखादा अर्ज तिच्यासाठी राखून ठेवलेला असे.

परतताना त्यांना शेजारच्या शेवंताबाई भेटल्या. ओट्यावर बसून त्या गहू निवडत होत्या. नानांची विचारपूस करून झाल्यावर त्यांनी सुपावरून नजर उचलली आणि कोकिळाला म्हणाल्या,

"काय व माय, शिकेल मानसं पुढनं बठ्ठं आधीच वाची लेतस का?"

नाना हसले. त्यांना वाटलं, पुढचं सगळं आधीच वाचून ठेवते असं पोरीच्या पुस्तकांवरून चाललं आहे. कोकिळाने पदर सारखा केला. बाभळीचं गावात नाना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

*

फेब्रुवारीत नानांचं ऑपरेशन जळगावला झालं. हृदयाची एक झडप बदलायची होती आणि दोन नळ्या जोडायच्या होत्या. चार तास म्हणाले होते, सात लागले. सोमवारी दिवस मावळताना सर्जन बाहेर आले. तरुण होते. टोपीच्या कडेने कपाळावर वळ उठला होता.

"झडप चांगली बसलीय," ते म्हणाले. "पण छाती आम्ही आज बंद केलेली नाही."

"बंद केलेली नाही म्हणजे?"

"हृदयाला सूज आहे. हाड जोडायला गेलो की ते दाबलं जातं, बीपी खाली येतो. त्याला थोडी जागा हवी. वर पातळ आवरण लावून ठेवलंय. सूज उतरली की दोन-चार दिवसांत परत आत नेऊन बंद करू. लहान बाळांत तर हे पुष्कळदा करावं लागतं, मोठ्यांतही करतो."

"आणि तोवर?"

"तोवर झोपवून ठेवू. तुम्ही वाट बघा."

वाट बघणं हे काम तिला जमायला हवं होतं. अख्खं आयुष्य तिने शांत खोलीत बसून काढलं होतं. पण वॉर्डाबाहेरच्या खुर्चीत बसल्यावर तिने दुसरंच केलं. फोन काढला आणि वाचायला लागली. पुस्तकं हाताळणाऱ्या माणसाला असतो तसा तिलाही भरवसा होता, की नीट वाचलं म्हणजे कळतं. एका लेखात किती जण वाचतात आणि किती नाही, त्याचे आकडे होते. वय सत्तरच्या वर असेल तर, अशी ओळ आली. नाना चौऱ्याहत्तरचे. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. त्याच्या पुढच्या ओळीत काय होतं, ते तिने वाचलं नाही.

बुधवारी दुपारी पाच मिनिटं आत सोडलं. सबीहा सिस्टरने तिला गाऊन चढवला, मागे बंद बांधले.

"बघवत नसेल तर चेहऱ्याकडेच बघा, ताई. बाकीकडे नको."

ती चेहऱ्याकडेच बघत होती. चेहरा सुजून परका झाला होता, तोंडात नळी. ओळखीच्या होत्या फक्त भुवया. मग कुठलंसं यंत्र वाजलं. सिस्टर पलीकडे वळल्या. त्यांच्या कोपराने छातीवरची हिरवी चादर थोडी सरकली आणि कोकिळाने पाहिलं.

बाहेर येऊन तिने गाऊन डब्यात टाकला, हात धुतले. जिन्याने खाली उतरून गाड्या लावतात तिथे गेली आणि प्रेमराजला फोन लावला.

"प्रेमराज, लाकडाचं बघून ठेव."

तो म्हणाला, "डॉक्टर काय म्हने, अक्का?"

"डॉक्टर काय म्हणणार? छाती उघडीच आहे त्यांची. तू बघून ठेव. आईच्या वेळेसारखं नको."

आईला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तानुबाई श्रावणात गेली. आठवडाभर झड लागलेली, स्मशानात छप्पर नाही, लाकूड ओलं. बायका स्मशानात जात नाहीत. कोकिळा गच्चीवर उभी राहून नदीच्या दिशेला बघत होती. आधी बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग काळा धूर उठला, टायरचा. त्याचा वास खालच्या घरात शिरला आणि दोन दिवस गेला नाही. पुरुष दुपारी परतले, नाना अंधार पडल्यावर आले. पाय धुऊन आत गेले. त्या दिवसाबद्दल ते कधी कुणाशी काही बोलले नाहीत.

"वाळेल लाकूड आते कोठे भेटी?" प्रेमराज म्हणाला. "बांधवरनी बाभूळ शे. पन नानांनी..."

"तोड," कोकिळा म्हणाली.

गुरुवारी सकाळी प्रेमराजने मशीनवाला आणून बाभूळ पाडली. शुक्रवारी दुपारी जळगावला नानांची छाती बंद झाली. रविवारी त्यांनी डोळे उघडले आणि ओळख दिली. सर्जन तिला म्हणाले, "बघा, सांगितलं होतं ना?" तिने हात जोडले. तिला रडू आलं. ते आनंदाचंच आहे असं सगळ्यांनी धरलं.

*

आता नाना खाटेवर भिंतीला टेकून बसले होते आणि ती समोर स्टुलावर कागद घेऊन. मागच्या दारात प्रेमराज उभा होता. त्याने तिला मानेनेच बाहेर बोलावलं.

"अक्का, मी सांगी टाकू का?" अंगणात आल्यावर तो हळूच म्हणाला. "इकाले तोडी, म्हनसु. माले पैसाना लोभ सुटना. आमनं जुनं भांडण शेच, नानाले पटी जाई."

"आणि मग तुझ्याशी बोलणं टाकतील."

"टाकू दे. वरीसभर टाकतीन. मन्हा बापशी पाच वरीस नव्हतात बोलत." तो हसला. "माले सवय शे."

त्याच्या गोठ्यामागे निळ्या ताडपत्रीखाली ते लाकूड रचून ठेवलं होतं, नानांच्या नजरेला पडू नये म्हणून. कोकिळाने तिकडे पाहिलं. तिला हो म्हणावंसं वाटलं. अर्धा क्षण नाही, चांगला वेळ वाटत राहिलं. त्या वेळात तिने हिशोबही मांडला, की प्रेमराज पुरुष आहे, शेजारी आहे, त्याचं निभेल. आणि असा हिशोब मांडणारी बाई आपणच आहोत हे कळून तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"कोठे गई व?" आतून नानांची हाक आली.

"आले, नाना."

ती येऊन बसली. नानांनी घसा खाकरला आणि त्यांचा अर्जाचा आवाज लागला.

"प्रति, माननीय साहेब. विषय... लिख, विषय : वायरमन भाईदास याने माझ्या मालकीचे झाड विनापरवानगी तोडल्याबाबत."

तिने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल आणि सरळ ओळीत. हाताला कशाचीच लाज नव्हती.

"महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी खाली सही करणारा सुकदेव, धंदा शेती, आजारपणामुळे दवाखान्यात असताना सदर भाईदास याने संधी साधून..." नाना थांबले. "'संधी साधून' बरं शे ना?"

"बरं आहे."

"कंत्राटवर शे तो. कामवरून काढाले लावसु त्याले." बोलण्याच्या भरात त्यांना ठसका लागला. कोकिळाने उशी पुढे केली, त्यांनी ती छातीशी धरली, दोनदा खोकले. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी बाहीने पुसलं. "लिख पुढे. दिनांक... प्रेमराजले इचार, कोनती तारीख व्हती."

"बारा फेब्रुवारी," कोकिळा म्हणाली.

"तुले कसं मालूम? तू त जळगावले व्हतीस मन्हाजोडे."

तिने पेनाला टोपण लावलं. भाईदास तिच्या डोळ्यांसमोर आला. आई होती त्या दिवाळीत खांबावरून उतरून त्याने नानांच्या हातून चकली घेऊन खाल्ली होती.

"भाईदासने नाही तोडली, नाना."

"मंग?" नाना ताठ झाले. "प्रेमराजनी ना? माले वाटनंच. त्याना बापनी नजर व्हती..."

"त्याने तोडली. मी सांगितलं म्हणून."

"तू?"

"हो."

"काबर?"

दीड महिना तिने या प्रश्नासाठी वाक्यं जुळवली होती. चांगली वाक्यं होती, कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा ते सुद्धा ठरलेलं. त्यातलं एकही आता जवळ नव्हतं.

"लाकडासाठी," ती म्हणाली.

नानांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "आपलाकडे गॅस शे ना व," ते म्हणाले.

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर कागदावर गेली, तिच्या तोंडावर परत आली. मागच्या दारातून प्रेमराज केव्हाच निघून गेला होता. रस्त्यावरून कुणी तरी मोटरसायकल ढकलत नेत होतं, तिची साखळी घासत होती. तो आवाज लांब जाईपर्यंत दोघं तशीच बसून होती.

"बारा तारीखले मी कसा व्हतू?" नानांनी विचारलं.

"छाती बंद केली नव्हती तुमची. शुक्रवारी केली."

"डॉक्टरनी सांगं का, लाकडं आना?"

"नाही."

"मंग काय सांगं?"

"वाट बघा म्हणाले."

नानांनी मान हलवली. अर्जातला एखादा मुद्दा बरोबर आहे की नाही ते तपासताना हलवत तशीच. उशी अजून त्यांच्या मांडीवर होती, तिच्या कोपऱ्यातला सुटलेला दोरा ते बोटाला गुंडाळत होते.

"कितलं निंघनं?"

"एक ट्रॉली."

"पुरी जातं का?"

कोकिळाला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडायला मनाई आहे याची त्यांना आठवण करून द्यायची, असंही तिने मनात ठरवलं होतं. "प्रेमराज म्हणाला, पुरून उरेल," ती म्हणाली.

"तो गधडा शे," नाना म्हणाले. "ओली बाभूळ चेटस का कधी? तिले दोन महिना वाळाले पाहिजे." मग त्यांनी बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवला.

"भाईदासनं नाव खोड," शेवटी ते म्हणाले.

तिने टोपण काढून नावावर एक रेघ ओढली.

"आखो खोड. वाचता येवाले नको."

ती खोडत राहिली. कागद ओलसर झाला, मग फाटला. विषयाच्या ओळीत नावाच्या जागी भोक पडलं. तिने कागद चुरगळायला घेतला, तेव्हा नानांनी हात पुढे करून तो मागून घेतला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. का ते सांगितलं नाही.

"तू देखं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

नानांनी हनुवटीने स्वतःच्या छातीकडे दाखवलं. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती, त्यातून व्रणाची गुलाबी रेघ दिसत होती. "मन्हं काळीज. उघडं व्हतं म्हनतीस ना. मी त झोपेल व्हतू. तू देखं का?"

खोटं बोलता आलं असतं. आत सोडत नाहीत, चादर असते, असं काहीही.

"पाहिलं," ती म्हणाली. "फोन करायच्या आधी. आत जाऊन आले आणि मग फोन केला."

"कसं दिसे?"

ती त्यांच्याकडे बघायला लागली. नाना थोडे पुढे सरकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. कुणी लांबच्या गावाहून जुन्या ओळखीच्या माणसाला भेटून यावं आणि नानांनी त्याला बसवून घेऊन एकेक विचारावं, तशी. त्यांचं ते पाहिलेलं तिच्याशिवाय घरातलं दुसरं कुणी नव्हतं.

"वर पातळ, पिवळट कागदासारखं काही तरी लावलेलं होतं," ती म्हणाली. "त्याच्याखाली."

"हालत व्हतं?"

"हो. तो कागद वर यायचा, खाली जायचा."

"जोरमा?"

"नाही. सावकाश." तिने ओठ ओले केले. "पण एकसारखं. थांबत नव्हतं."

नानांनी हात छातीवर ठेवला, जागा नीट सापडेपर्यंत थोडा डावीकडे सरकवला आणि तसाच राहू दिला. बराच वेळ ते आत काही तरी ऐकत असल्यासारखे बसले.

"मंग तुले कसानी घाई व्हयनी व माय?" ते म्हणाले.

आवाजात राग असता तर तिला खाली बघता आलं असतं. राग नव्हता. ते खरंच विचारत होते.